तूर्तासबाई

संसदेत प्रश्न विचारणं सोपं असतं. उभं राहायचं, प्रश्नाचा क्रमांक म्हणायचा, खाली बसायचं. घोडं पेंड खातं ते उत्तर लिहिताना. रेल्वे मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसून ती उत्तरं लिहिणाऱ्या बाईंना या कामाला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात मंत्री सहा झाले की सात, हे बोटं मोजल्याशिवाय त्यांनाही सांगता आलं नसतं. मंत्री बदलले, खुर्च्या बदलल्या, खिडकीचे पडदेसुद्धा एकदा बदलले; बाई तिथल्या तिथं. सभागृहात मंत्री छाती काढून जे वाचत, ते बाईंनी पंधरा दिवस आधी चष्मा कपाळावर सरकवून, गार झालेला चहा पीत लिहिलेलं असायचं.

ऑफिसात सगळे त्यांना तूर्तासबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. बाकीचे अधिकारी सरळ लिहून मोकळे होत, 'असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही.' बाई लिहीत, 'तूर्तास असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही.' पूल हवा? तूर्तास नाही. गाडीला डबा वाढवून हवा? तूर्तास नाही. फलाटावर छप्पर? तेही तूर्तास नाही. कुणी थट्टा केली की बाई शांतपणे सांगत, उद्या मंत्र्यांची लहर फिरली आणि पूल झालाच, तर आपण खोटे पडायला नको. हे कारण खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं माहेरचं होतं. लहानपणी त्यांनी सायकल मागितली तेव्हा बाबा 'नाही' म्हणाले नव्हते. 'तूर्तास नाही' म्हणाले होते. आणि दोन वर्षांनी सायकल दारात उभी राहिली, जुनीच, पण नवा निळा रंग दिलेली. बाबांच्या तोंडी कोरडं 'नाही' कधी आलंच नाही. ते इमारतींचे नकाशे काढायचे, आणि भिंत आखतानासुद्धा आधी दार कुठं ठेवायचं ते बघायचे.

आता या कामात भ्यायचं कशाला, तर आश्वासनाला. मंत्री सभागृहात 'करू' म्हणाले की ते आश्वासन झालं. ते वहीत चढतं, त्याला नंबर पडतो, आणि मग एक समिती दर तीन महिन्यांनी त्या नंबराचं काय झालं म्हणून मंत्रालयाच्या मानगुटीवर बसते. 'बघू' म्हटलं तरी आश्वासन. 'तपासून पाहतो' म्हटलं तरी आश्वासन. एका मंत्र्यांनी एकदा नुसतं 'हं' म्हटलं होतं, त्या 'हं'च्या पायी बाई चार वर्षं पत्रं लिहीत होत्या. त्यामुळे ताकास तूर लागू न देता उत्तर देणं ही खरी विद्या, आणि त्या विद्येत बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचे उपसचिव, ज्यांना सगळे नुसतंच साहेब म्हणत, ते अभिमानानं सांगायचे की बाईंच्या उत्तरातून गेल्या अकरा वर्षांत एकही आश्वासन निसटलेलं नाही.

दुसरी एक गंमत अशी, की सदस्यानं पाठवलेला प्रश्न मंत्रालयात येतो तो सोलूनच येतो. संसदेच्या कचेरीतले लोक त्यातली तक्रार काढतात, कारण काढतात, गाऱ्हाणं काढतात; भावना तर आधी काढतात. उरते ती नुसती कोय. या अधिवेशनात आलेली एक कोय अशी होती: (अ) गाडी क्रमांक बत्तीस खालच्या थांब्यावरून सायंकाळी चार पंचेचाळीसला सुटते, हे खरे आहे काय, (ब) ती पंचवीस मिनिटे उशिरा सोडण्याचा विचार आहे काय, (क) नसल्यास, कारणे काय?

विचारणाऱ्या सदस्य म्हणजे जुन्या मुख्याध्यापिका. सगळं सभागृह त्यांना हेडबाई म्हणायचं आणि त्या उभ्या राहिल्या की भले भले पाय सरळ करून बसायचे. हाच प्रश्न त्यांनी आधीच्या तीन अधिवेशनांत लेखी उत्तरासाठी टाकला होता. तूर्तासबाईंनी जुनी फाईल काढली, मागचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं: '(अ) होय. (ब) तूर्तास असा प्रस्ताव विचाराधीन नाही. (क) तांत्रिक कारणांमुळे.' सात मिनिटांचं काम. साहेबांची सही झाली, मंत्र्यांची झाली, उत्तर छापायला गेलं.

पण या खेपेला सोडतीत हेडबाईंचं नशीब उघडलं. प्रश्न तोंडी उत्तरासाठी निघाला, तोही सहाव्या क्रमांकावर. तोंडी म्हणजे त्यावर पूरक प्रश्न येणार, आणि पूरक प्रश्न म्हणजे मंत्र्यांच्या हातात टिपणी हवी. म्हणून आदल्या दिवशी दुपारी बाईंनी पहिल्यांदाच त्या फाईलच्या तळाशी हात घातला. हेडबाईंनी या खेपेला प्रश्नाखेरीज मंत्रालयाला वेगळं पत्र पाठवलं होतं, आणि त्याला मागं एका मतदाराचं पत्र टाचलेलं होतं. बाईंनी ते उलटं करून सरळ केलं आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

अक्षर ओळखीचं होतं. नकाशावर लिहितात तसं, प्रत्येक अक्षर सुटं, सगळी एका उंचीची. असं अक्षर बाईंनी आयुष्यात एकाच माणसाचं पाहिलं होतं.

'माझी पत्नी टेकडीवरच्या रुग्णालयात अडीच वर्षे आहे,' बाबांनी लिहिलं होतं. 'भेटीची वेळ रोज चार ते पाच. ती मला लगेच ओळखत नाही. मी शेजारी बसून बोलत राहतो. साडेचारच्या सुमारास ती ओळखते. गाडी धरायला मला चार पस्तीसला उठावे लागते. पुढची गाडी रात्री साडेआठला आहे, आणि अंधारात मला टेकडीच्या पायऱ्या दिसत नाहीत. म्हणजे आम्हाला रोज पाच मिनिटे मिळतात. ती तीस झाली तर बरे होईल.' आणि खाली, जरा जागा सोडून: 'आधीच्या तिन्ही उत्तरांत तूर्तास हा शब्द आहे. तो लिहिणारा माणूस दार लावून घेणारा नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून पुन्हा लिहीत आहे.'

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तीन वेळा. आपल्या जन्मदात्या बापाला आपण तीन वेळा 'नाही' कळवलं, आणि चौथं छापून तयार आहे. सोललेल्या प्रश्नात ना रुग्णालय होतं, ना भेटीची वेळ, आणि खालचा थांबा म्हणजे त्या टेकडीच्या पायथ्याचा हे त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं, कारण त्या रेल्वेच्या माणूस असून तिथं कधी रेल्वेनं गेल्याच नव्हत्या. महिन्यातून एका रविवारी सकाळी, खास परवानगी काढून, नवऱ्याच्या गाडीतून, पलीकडच्या रस्त्यानं जायचं. आई विचारायची, तुम्ही कोण हो, नवीन आलात का? बाई संत्री सोलून द्यायच्या, चादर नीट करायच्या आणि वीस मिनिटांत बाहेर पडायच्या, कारण तो परकेपणा त्यांना सोसायचा नाही. आई आता कुणालाच ओळखत नाही, असं त्यांनी मनाशी धरूनच टाकलं होतं. बाबा एकदा म्हणाले होते, वेळ लागतो तिला. बाईंना वाटलं, म्हातारा मनाचं समाधान करून घेतोय. अर्धा तास बसून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता त्यांना स्वतःचा इतका राग आला, की समोर कुणी असतं तर त्याच्यावरच ओरडल्या असत्या.

रडायला वेळ नव्हता. छापलेलं उत्तर आता ब्रह्मदेवाच्यानंही बदलवणार नव्हतं. उरली होती ती पूरक प्रश्नाची टिपणी. बाईंनी वेळापत्रक शाखेला फोन लावला. तिथला म्हातारा अधिकारी नेहमीच्या सुरात म्हणाला, तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. तिन्ही वेळा त्यानं हेच लिहून पाठवलं होतं आणि बाईंनी तिन्ही वेळा उतरवलं होतं. या खेपेला त्यांनी वेगळं विचारलं. बत्तीस नंबर खालच्या थांब्यावरून सुटली की पुढं काय करते?

पुढं काय करणार, तो म्हणाला, बारा मिनिटांत जंक्शनला पोचते आणि उभी राहते. समोरून मेल यायची असते ना. ती आल्याशिवाय हिला वाट नाही. किती वेळ उभी राहते म्हणून विचारलं, तर कागद चाळल्याचा आवाज आला. अठ्ठावीस मिनिटं. मग तेवढा वेळ ती खालीच थांबली तर? त्यानं पुन्हा कागद चाळले. मग म्हणाला, थांबेल की, पण हे आम्हाला कधी कुणी विचारलं नाही. वेळ बदला म्हणून कागद आला की शक्य नाही लिहायचं, एवढं आमच्या हाताला वळण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पत्र कुणाचं, उत्तरं कुणाची, जंक्शनवर काय होतं. आपण अधिकाऱ्यांच्या सज्जात बसू नये हे बरं, असंही त्याच म्हणाल्या. साहेबांच्या निवृत्तीला आठ महिने होते आणि शेवटच्या वर्षात एखादं आश्वासन अंगाशी येऊ नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून बसलेले असत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ते खिडकीकडे वळले होते, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

"सज्जात तुम्ही बसायचं," ते म्हणाले. "पण टिपणीऐवजी मंत्र्यांकडे ऐनवेळी चिठ्ठी जाईल, आणि ती तुमच्या अक्षरात नाही, माझ्या. मला खरं तेवढंच सांगा. एक शब्द जास्त नको, एक कमी नको."

प्रश्नोत्तराचा तास अकराला सुरू झाला. अधिकाऱ्यांचा सज्जा म्हणजे मंत्र्यांच्या बाकांमागं, लाकडी कठड्याआड दोन रांगा. तिथून घड्याळ समोरच दिसतं, आणि त्या दिवशी बाईंनी घड्याळाखेरीज काही पाहिलं नाही. बारा वाजले की तास संपतो. जिथं असेल तिथं, अर्ध्या वाक्यात. मग उरलेल्या प्रश्नांची छापील उत्तरं आपोआप नोंदली जातात आणि विषय संपतो.

पहिल्या प्रश्नाला वीस मिनिटं लागली. दुसऱ्याला पंधरा. तिसऱ्याला एक सदस्य उभे राहिले आणि त्यांनी आपल्या मतदारसंघाचा इतिहासच काढला. अध्यक्षांनी दोनदा सांगितलं की प्रश्न विचारा, भाषण नको, पण गृहस्थ बधले नाहीत. बाईंचा जीव टांगणीला. चौथा प्रश्न संपला तेव्हा अकरा बावन्न झाले होते. पाचव्या प्रश्नाच्या सदस्याचं नाव पुकारलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. गृहस्थ बाहेर कुठंतरी गप्पा मारत असावेत. आयुष्यात पहिल्यांदाच बाईंनी एका गैरहजर सदस्याला मनापासून आशीर्वाद दिला.

"प्रश्न क्रमांक सहा," हेडबाई म्हणाल्या. मंत्र्यांनी उत्तर वाचलं. होय. तूर्तास नाही. तांत्रिक कारणांमुळे.

हेडबाईंनी पूरक प्रश्नासाठी कागद घेतला नव्हता. शाळेत फळ्यासमोर उभ्या राहतात तशा त्या हात मागं बांधून उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझे एक मतदार आहेत. हे उत्तर त्यांना चौथ्यांदा मिळतंय. त्यांचं म्हणणं, यातला 'तूर्तास' हा शब्द उगीच आलेला नाही. मला मंत्र्यांनी एवढंच सांगावं, की तूर्तास म्हणजे कधीपर्यंत?"

बाकांवर हशा पिकला. मंत्री माणूस मोठ्या मनाचा, पण त्यांना एक खोड होती, आणि तिच्यापायी मंत्रालयाच्या आजवर नाकी नऊ आले होते. चिठ्ठी हातात पडली की ते आधी ती मोठ्यानं वाचायचे आणि मग समजून घ्यायचे. त्यांनी मान वळवून सज्जाकडे पाहिलं. साहेबांनी लिहायला घेतलं होतं. बाई हलक्या आवाजात सांगत होत्या, साहेब गोल गोल अक्षरात लिहीत होते. शिपायानं चिठ्ठी नेली. घड्याळात दोन मिनिटं उरली होती.

मंत्र्यांनी ती दिव्याखाली धरली आणि वाचली. "गाडी क्रमांक बत्तीस पुढील जंक्शनवर समोरच्या मेलसाठी रोज अठ्ठावीस मिनिटे उभी असते." इथं ते थांबले. पुन्हा एकदा मनाशी वाचलं. मग सगळ्या सभागृहादेखत मागं वळून त्यांनी सज्जाला विचारलं, "मग ती खालीच का नाही उभी राहत?"

सत्ताधारी आणि विरोधक, दोन्हीकडचे बाक एकदम हसायला लागले. अध्यक्षांनी हातोडी उचलली. "मंत्रिमहोदय, या तासात प्रश्न सदस्यांनी विचारायचे असतात. आपण उत्तर द्यायचं असतं."

मंत्री पण हसले. घड्याळाचा काटा बाराला टेकत होता. साहेब बाईंच्या शेजारी हळूच पुटपुटले, नको, नको, बोलू नका. आणि मंत्री बोललेच. "राहील. येत्या पहिल्या तारखेपासून खालीच उभी राहील."

बारा वाजले. साहेबांनी डोळे मिटून घेतले. अकरा वर्षांत निसटलं नव्हतं, ते असं भर सभागृहात, तारखेनिशी निसटलं. मग डोळे उघडून त्यांनी टोपण पेनाला लावलं आणि म्हणाले, वहीत मीच चढवतो. तुम्ही पहिल्या तारखेची रजा टाका.

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. बातम्यांत ऐकलं म्हणाले. पत्राबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, बाईंनीही काढलं नाही. दोघंही एकाच मातीचे. फोन ठेवताना बाबा एवढंच म्हणाले, "मंत्र्यांच्या शेवटच्या उत्तरात तूर्तास नव्हतं."

पहिल्या तारखेला बाई रेल्वेनं गेल्या. बाबा त्यांना खालच्या थांब्यावर भेटले, आणि दोघं पायऱ्या चढून बरोबर चारला खोलीत पोचले. आई खिडकीजवळ बसली होती. तिनं दोघांना नमस्कार केला, परक्यांना करतात तसा. बाबा खुर्ची ओढून बसले आणि बोलायला लागले. शेजाऱ्यांची मांजर, नळाची गळती, पावट्याचा वेल, काल कुठला सदरा सापडत नव्हता. रोज दुपारभर हे गोळा करत असणार. बाईंना उठून बाहेर पळावंसं वाटत होतं, पण त्या खुर्चीला चिकटून बसल्या. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली.

साडेचारला दोनेक मिनिटं कमी असताना आईनं बाबांच्या बाहीला हात लावला. "अहो, बटण तुटलंय तुमचं," ती म्हणाली. एवढंच. पण आवाज तोच, घरातला, पन्नास वर्षांचा. बाबांनी मान हलवली आणि बोलत राहिले.

चार पस्तीसला सवयीनं ते उठले. टोपी घातली, काठी घेतली. आईचा चेहरा उतरला, आणि हे रोज असंच होत असणार हे बाईंना तिथं बसल्या बसल्या कळलं. मग बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी टोपी काढली, काठी पलंगाला टेकवून ठेवली आणि पुन्हा खाली बसले. गाडी आता थांबते गं, म्हणाले.

आणि मग ती मिनिटं आली, जी या खोलीत अडीच वर्षांत कधी आली नव्हती. आई आता मोकळेपणानं खोलीभर बघू लागली. पाण्याचा तांब्या, संत्री, भिंतीवरचं घड्याळ. पावणेपाचला तिची नजर बाईंवर आली आणि तिथंच थांबली.

"अगं," आई म्हणाली, "तू कधी आलीस? आणि ही केसांची काय दशा करून घेतलीस? ये इकडं."

बावन्न वर्षांच्या तूर्तासबाई उठल्या आणि आईच्या पायाशी पाठ करून जमिनीवर बसल्या. आईनं त्यांचे केस सोडले आणि बोटांनीच विंचरायला घेतले, ओढून, दुखेल असे. बाईंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. बाबा समोर बसून बघत होते. वेणी अर्धी झाली तेव्हा पाचची घंटा वाजली, आणि दारात परिचारिका येऊन उभी राहिली.

"निघालीस?" आईनं विचारलं.

"तूर्तास," बाई म्हणाल्या.